राजाराम तलाव ते मालवण जेटी: मी गाठी कशा शिकले

पुराच्या बोटीवर शिकवलेली बोलाइन, नदीवरच्या भोई तात्यांनी जाळं विणताना दाखवलेली गाठ, इचलकरंजीच्या मामांची मागावर धागा जोडायची गाठ आणि गोव्यात शिडाच्या होडीवर भेटलेली शीट बेंड, या चारही गाठी मुळात एकाच घडणीच्या आहेत हे कळायला मला बरेच महिने लागले, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून दोरी हातात घेतली की वेगळंच बघायला लागले. मी कोल्हापुरात बारावीला फिजिक्स शिकवते, समुद्राशी संबंध काही नाही, घरात कोणी होडीवर गेलेलं नाही. हे सगळं सुरू झालं पुरामुळं.

२०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी आमच्या शाहूपुरीच्या खालच्या अंगाला पाणी आलेलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका हे आकडे इथं लहान पोरालाही पाठ असतात, आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. त्यानंतर स्वयंसेवकांसाठी जे ट्रेनिंग निघालं त्याला मी नाव दिलं. राजाराम तलावावर रबरी बोट, लाइफ जॅकेट, वल्ही, प्रथमोपचार असं सगळं होतं, पण पहिला अख्खा दिवस मास्तरांनी दोरीवरच घातला. बोट नंतर, आधी गाठ. तेव्हा थोडं कंटाळवाणं वाटलं, आता तोच दिवस सगळ्यात कामाचा वाटतो.

पहिली गाठ बोलाइन. दोरीच्या टोकाला असा फास तयार होतो जो घसरत नाही, आवळत नाही आणि जोर येऊन गेल्यावरही हाताने सुटतो. पाण्यातल्या माणसाच्या काखेखालनं दोरी घ्यायची असेल तर हीच लागते, कारण साधा सरकफास टाकला तर ओढताना तो छातीवर आवळत जातो आणि माणसाला श्वास घेता येत नाही. मास्तर म्हणाले, "सरकफास जनावराला बी नीट नाही, माणसाला तर अजिबात नाही." करायची अशी: दोरीच्या लांब भागात एक छोटं वेटोळं करायचं, टोक त्याच्या वर पडेल असं. मग तेच टोक वेटोळ्यातनं खालनं वर काढायचं, लांब दोरीच्या मागनं वळवायचं आणि परत वेटोळ्यात खाली घालायचं. मास्तरांची ओळ अजून कानात आहे, "साप बिळातनं वर आला, झाडाला मागनं वळसा घातला, आला त्या वाटेनं परत बिळात." सगळा वर्ग मोठ्यानं म्हणत होता आणि हात चालत होते. मग डोळे मिटून, मग पाठीमागं हात घेऊन, मग दोरी ओली करून, मग कमरेभोवती एका हातानं. एका हाताचं कारण असं की दुसऱ्या हातानं तुम्ही बोट नाहीतर झाड धरलेलं असणार. मनगट आत फिरवून वेटोळं आपोआप हाताभोवती पडतं ती खुबी शब्दात सांगता येत नाही, कुणाकडनं तरी समोर बसून शिकावी लागते.

दोन गोष्टी त्यांनी परत परत सांगितल्या त्या इथं लिहून ठेवते. एक, शेपूट म्हणजे गाठीबाहेर उरलेलं टोक लांब ठेवायचं, दोरीच्या जाडीच्या निदान दहा-बारा पट, आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर शेपटाची अजून एक गाठ फासाच्या पायाला मारायची. दोन, बोलाइन दोरी ताणलेली असताना सुटत नाही. म्हणजे जिथं ओढ चालू असतानाच दोरी सोडायची वेळ येऊ शकते तिथं ही गाठ नको. सोडताना ओढ ढिली करायची आणि लांब दोरीभोवती जो वळसा आहे त्याची पाठ अंगठ्यानं पुढं ढकलायची, लगेच मोकळी होते.

घरी सराव करायला लक्ष्मीपुरीत दोरी आणायला गेले. तिथं दोरी किलोवर मिळते, आणि दुकानदार विचारतो कशाला पाहिजे, ते योग्यच विचारतो. पिवळी निळी प्लास्टिकची म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, ती पाण्यावर तरंगते म्हणून बुडणाऱ्याकडं फेकायला चांगली, पण गुळगुळीत असल्यानं गाठ घसरते आणि उन्हात ठेवली की वर्षा-दोन वर्षात केसासारखे तंतू सुटायला लागतात. नायलॉन ताणलं जातं, लाट आली तर झटका दोरीच गिळते, म्हणून नांगराला नायलॉन. पॉलिएस्टर फार ताणलं जात नाही म्हणून शिडाच्या कामाला. काथ्याचा दोर गाठ घट्ट धरतो पण ओला राहिला की कुजतो. मी त्यातले तीन प्रकार थोडे थोडे घेतले आणि तीच बोलाइन तिन्हीवर मारून बघितली, आणि कडक प्लास्टिकच्या दोरीवर ती नुसती हलवली तरी सैल होते हे स्वतःच्या हातानं बघितल्यावर लांब शेपटाचं महत्त्व पटलं. नवी दोरी कापली की टोक मेणबत्तीवर वितळवून घ्यायचं नाहीतर पीळ उलगडतो. काथ्याला ते चालत नाही, त्याला बारीक सुतळीचे घट्ट वेढे.

पंचगंगा घाटाच्या पुढं, नदीच्या काठानं, भोई समाजाची काही घरं अजून मासेमारी करतात. तिथल्या एका तात्यांकडं माझ्या एका विद्यार्थ्यानं नेलं, त्याचे ते आजोबा. मी म्हटलं मला गाठी शिकायच्यात, ते म्हणाले "गाठी कशाला, जाळं शीक, गाठी आपोआप येतील." आणि तसंच झालं. त्यांच्याकडं जाळं विणायची सुई, तिच्यात सूत भरलेलं, आणि बांबूची एक गुळगुळीत पट्टी. पट्टीची रुंदी म्हणजे जाळ्याच्या डोळ्याचं माप. वरच्या ओळीतल्या डोळ्यातनं सुई वर काढायची, सूत पट्टीवर ताणून डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचं, वर सैल वळसा टाकायचा, सुई त्या डोळ्याच्या दोन्ही पायांमागनं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सुतांमागनं, नेऊन सैल वळशातनं बाहेर काढायची आणि ओढायची. अंगठा ढिला सोडला तर गाठ खाली घसरते, डोळ्याच्या गळ्यात न बसता खालच्या वळणावर बसते आणि मग ती सरकती होते, डोळा लहान-मोठा होत राहतो. तात्या बोलता बोलता, नदीकडं बघत, विणत होते आणि एकही डोळा वाकडा नाही. डोळा केवढा ठेवायचा यावर ते जास्त बोलले. बारीक डोळ्याचं जाळं टाकलं की पिल्लं पण येतात, मग पुढच्या वर्षी नदीत काय उरणार, असं त्यांचं साधं गणित, आणि हल्ली चिलापी सोडून दुसरं फारसं मिळत नाही ही त्यांची खंत. मरळ आणि वाम यांच्याबद्दल बोलताना आवाज बदलतो.

गळाच्या गाठी हा वेगळाच विषय. तंगूस, म्हणजे ती पारदर्शक नायलॉनची तार, एवढी गुळगुळीत असते की बोलाइनसारखी गाठ त्यावर टिकत नाही. तिथं वेढे लागतात. गळाच्या भोकातनं तंगूस ओवायचं, मूळ तारेभोवती पाच-सहा वेढे घालायचे, टोक भोकाजवळच्या छोट्या फटीतनं काढायचं, मग जो मोठा वळसा तयार झाला त्यातनं परत, आणि आवळायच्या आधी थुंकीनं ओलं करायचं. हे थुंकीचं मला खूप आवडलं, कारण त्यात फिजिक्स आहे. कोरडं आवळलं की वेढे एकमेकांवर घासून तापतात आणि नायलॉन उष्णतेनं तिथंच कमजोर होतं, मासा मोठा लागला की बरोबर गाठीपाशी तुटतं. दुसरी एक गाठ आहे पालोमार, तार दुपदरी करून भोकातनं घ्यायची, साधी गाठ मारायची आणि तयार झालेल्या फासातनं अख्खा गळ काढायचा. ती अंधारातही जमते. पण तात्यांचे गळ जुन्या पद्धतीचे, त्यांना भोकच नाही, दांडीचं टोक चपटं केलेलं. त्यावर तंगूस दांडीला लावून वरनं घट्ट वेढे रचत जायचं आणि शेवटचं टोक वेढ्यांच्या खालनं ओढून घ्यायचं. चपटं टोक वेढ्यांना निसटू देत नाही, आणि ओढ सरळ दांडीच्या रेषेत येते. तात्यांच्या बोटांना हे काम करताना बघणं म्हणजे मला सुखच वाटतं, मी कधी कधी नुसती बघायलाच जाते.

मग इचलकरंजी. मामांकडं लग्नाच्या निमित्तानं गेले होते आणि त्यांच्या शेडमध्ये मागावर तुटलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा ते जोडत होते. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावात कापडाचंच काम, आणि मामांच्या घरात तिसरी पिढी. माग थांबवला, दोन टोकं डाव्या हाताच्या चिमटीत एकमेकांवर आडवी धरली, एक धागा अंगठ्यावरनं फिरवला, टोक आत ढकललं, ओढलं, कात्री, माग सुरू. डोळ्याची पापणी लवायच्या आत. मी म्हटलं मामा परत करा. ते हसले, पण पोरी बस म्हणाले आणि जाड सुतळी घेऊन हळू करून दाखवलं. ती गाठ मी उलगडून बघितली तर एका धाग्याचा मोडलेला वळसा, दुसरा धागा त्यातनं वर येऊन दोन्ही पायांमागनं फिरून स्वतःच्याच खाली अडकलेला. ही तर तात्यांच्या जाळ्याची गाठ. मी मामांना म्हटलं ही नदीवर पण मारतात. मामा म्हणाले, "मारणारच की, बारीक बसते, वई-फणीतनं अडकत न्हाई." आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मागाच्या वईच्या, म्हणजे उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यातनं आणि फणीच्या दातातनं गाठ जायची तर ती चपटी आणि लहान पाहिजे, नाहीतर धागा परत तुटणार. जाळ्यात तीच गाठ लागते कारण चार बाजूंनी ओढ आली तरी डोळ्याचं माप बदलत नाही. काम वेगळं, पद्धत वेगळी, बोटांची हालचाल तर एकदम वेगळी, घडण तीच.

त्या रात्री घरी येऊन मी तीन रंगाच्या दोऱ्या घेऊन बसले आणि बोलाइन शेजारी ठेवून बघितली. बोलाइनमध्ये पण एक मोडलेला वळसा आहे आणि एक वेटोळं त्याला धरून बसलंय. फरक एवढाच की जाळ्याच्या गाठीत वळसा एका दोरीचा आणि वेटोळं दुसरीचं, बोलाइनमध्ये दोन्ही एकाच दोरीचे, म्हणून एक दोन दोऱ्या जोडते आणि दुसरी फास तयार करते. म्हणूनच बोलाइनचा फास आवळत नाही आणि म्हणूनच ती पाठ ढकलून सुटते. वळशाचे दोन पाय आणि त्यांना मिठी मारलेलं वेटोळं, ओढ जितकी जास्त तितकी मिठी घट्ट. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती, पण तात्यांच्या आणि मामांच्या हातनं आलं म्हणून ते माझ्या हातात बसलं.

शीड बघायचं होतं. कोल्हापूरहून निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गोव्याला सुट्टीत गेले आणि छोट्या शिडाच्या होडीचा बेसिक कोर्स केला. दोघांची होडी, मोठं शीड आणि पुढं छोटं शीड. तिथं पहिलं कळलं की होडीवर प्रत्येक दोरीला नाव असतं, नुसतं दोरी म्हटलं की कुणाला काही कळत नाही. शीड वर चढवते ती हॅलियार्ड, शीड आत-बाहेर ओढते ती शीट. पुढच्या शिडाच्या कोपऱ्यातल्या रिंगेला शीट बांधायची ती बोलाइननं, दोन्ही बाजूच्या दोन शीट, दोन बोलाइन. जुन्या काळी शिडाच्या कोपऱ्याच्या फासाला शीट जोडायला जी गाठ वापरायचे ती शीट बेंड, म्हणजे आमच्या तात्यांची आणि मामांचीच. सरांनी ती दाखवायला सुरुवात केली आणि माझे हात आधीच करून मोकळे झाले, ते म्हणाले तुम्ही आधी सेलिंग केलंय का, मी म्हटलं नाही, इचलकरंजीला शिकले. दोन दोऱ्यांची जाडी वेगळी असेल तर वळसा कायम जाड दोरीचा, बारीक दोरीनं त्याला बांधायचं, आणि जाडीत फारच फरक असेल तर बारीक दोरीचे दोन वेढे. दोन्ही टोकं एकाच बाजूला आली पाहिजेत, उलट बाजूंना आली तर गाठ कमजोर बसते.

शीटच्या शेवटच्या टोकाला आठाची गाठ मारतात, इंग्रजी आठ आकड्यासारखी दिसते म्हणून. तिचं काम एकच, हातातनं शीट सुटली तर ती कप्पीतनं निसटून पूर्ण बाहेर जाऊ नये. साधी गाठ मारली तरी अडेल पण ती ओढीनं एवढी आवळते की सुटत नाही, आठाची सुटते. आणि एक नियम त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला की मोठ्या शिडाची शीट कधीही गाठ मारून बांधायची नाही, हातात धरायची. अचानक वाऱ्याचा झोत आला तर शीट लगेच सोडता आली पाहिजे, शीड मोकळं झालं की होडी सरळ होते, बांधून ठेवलेली असली की उलटते. म्हणजे होडीवरच्या सगळ्यात महत्त्वाच्या दोरीला गाठच नाही. मी हे वर्गात पोरांना सांगते तेव्हा ती चकित होतात.

वारा वाढला की शीड लहान करतात, खालचा भाग गुंडाळून छोट्या दोऱ्यांनी बांधतात, त्याला रीफ करणं म्हणतात आणि तिथं लागते ती रीफ नॉट, उजवं डाव्यावर मग डावं उजव्यावर. आपण सगळे ती कधी ना कधी मारतोच, बॅंडेजला, गाठोड्याला. गुंडाळलेल्या शिडाच्या घडीवर ती टेकून बसते म्हणून टिकते, आणि एक टोक झटक्यानं ओढलं की पलटी होऊन सुटते, शीड परत मोठं करायचं असेल तेव्हा तेच पाहिजे असतं. पण याच कारणानं दोन दोऱ्या जोडून त्यावर माणूस किंवा वजन लटकवायला ही गाठ धोकादायक आहे. पुरात घरातल्या दोन दोऱ्या अशाच गाठीनं जोडून वापरणारे लोक मी बघितलेत, म्हणून हे ठळक सांगते: दोऱ्या जोडायला शीट बेंड, आणि तीही दुहेरी.

धक्क्यावरचं काम वेगळं. क्लीट म्हणजे दोन शिंगांची लोखंडी खुंटी. दोरी आधी लांबच्या शिंगाच्या बुडाशी न्यायची, एक पूर्ण वेढा, मग आठच्या आकड्यात एक-दोन फेऱ्या आणि शेवटी एक वळसा उलटा करून शिंगावर अडकवायचा. नवखे लोक वेढ्यांवर वेढे रचत बसतात, त्याची गरज नसते, कारण खरी ताकद त्या पहिल्या वेढ्यात आहे. हे मात्र मी वर्गात मोजून दाखवते. दांड्याभोवती दोरीचा वेढा घातला की घर्षणानं ताण कसा कमी होत जातो याचं समीकरण गणितज्ञ ऑयलरच्या नावानं ओळखतात. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यानंतर हातात येणारी ओढ मूळ ओढीच्या साधारण साडेसहाव्या भागाइतकी राहते, दोन वेढ्यांनंतर त्रेचाळिसाव्या भागाइतकी. म्हणजे पलीकडं १०० किलोची ओढ असेल तर दोन वेढे घालून अडीच किलोच्या आतल्या जोरानं माणूस ती धरून ठेवू शकतो. लॅबमधला स्प्रिंग बॅलन्स, एक लोखंडी रॉड आणि सुतळी, एवढ्यावर प्रयोग होतो. पुरात बोट एखाद्या विजेच्या खांबाला धरायची असेल तर आधी दोन वेढे, मग गाठीचा विचार, हे त्यामुळं डोक्यात पक्कं बसतं.

याच तत्त्वावरची गाठ म्हणजे पूर्ण वेढा आणि दोन अर्ध्या गाठी, रिंगेला किंवा खांबाला होडी बांधायची सगळ्यात भरवशाची. अर्धी गाठ म्हणजे टोक मूळ दोरीभोवती एकदा फिरवून स्वतःच्याच खालनं काढायचं. ओढ चालू असताना मारता येते आणि सोडता येते, कारण अर्ध्या गाठी सोडल्या तरी वेढा धरून असतो. जिथं बोलाइन अडते तिथं ही चालते. खुंटीला पटकन अडकवायची क्लोव्ह हिच पण शिकले, आपले मंडपवाले बांबूवर मारतात तशीच, पण ओढीची दिशा बदलत राहिली की ती चालत जाते आणि सुटू शकते, म्हणून रात्रभर होडी तिच्यावर सोडायची नाही.

दिवाळीत मालवणला गेले, गगनबावड्यावरनं करूळ घाटानं. १८१२ पर्यंत सिंधुदुर्ग आणि मालवण कोल्हापूरच्या छत्रपतींकडं होतं, म्हणजे आमच्या या डोंगराआडच्या गावाला एकेकाळी स्वतःचं बंदर होतं, जेटीवर उभं राहून समोर किल्ला बघताना हे आठवलं आणि अभिमान वाटला. तिथं ओळखीच्या घरातले काका मासेमारी करतात. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते तेव्हा जाळी आणि दोर दुरुस्त करणं हेच काम, त्यामुळं त्यांच्या पडवीत नवीन-जुने दोर नीट गुंडाळून टांगलेले. नांगराची गाठ त्यांनी दाखवली, रिंगेभोवती दोन वेढे आणि पहिली अर्धी गाठ त्या वेढ्यांच्याही खालनं, मग अजून एक, आणि शेपूट सुतळीनं मूळ दोराला बांधून टाकायचं, कारण पाण्याखाली रात्रंदिवस हलत राहणारी गाठ कुणी बघायला जात नाही.

पण मला जे सगळ्यात आवडलं ते खडपातल्या नांगराचं. मालवणच्या समुद्रात खडक खूप, नांगर फटीत अडकला की वर येत नाही. म्हणून दोर नांगराच्या वरच्या रिंगेला न बांधता खाली, फाळ म्हणजे तळात रुतणारे आकडे जिथं एकत्र येतात तिथं बांधायचा, मग दांडीच्या बाजूनं वर आणून रिंगेला नुसत्या कच्च्या सुतळीनं अडकवायचा. एरवी नांगर नेहमीसारखा धरतो. अडकला तर वरनं जोरात ओढायचं, सुतळी तुटते, आता ओढ खालनं लागते आणि नांगर उलटा होऊन आलेल्या वाटेनं बाहेर निघतो. काका म्हणाले, "सुतळ तुटाक व्हयी गो, नांगर गेलो तर गेलोच." सगळीकडं गाठ टिकावी म्हणून धडपड आणि इथं एक गाठ मुद्दाम तुटावी म्हणून बांधलेली. तिची जाडी किती ठेवायची हे वाऱ्यावर आणि होडीच्या वजनावर, आणि ते ज्ञान सगळं काकांच्या बोटात. जाड झाली तर नांगर गेला, बारीक झाली तर रात्री होडी वाहत जाईल. मी त्यांना विचारलं कसं ठरवता, त्यांनी सुतळी दोन हातात धरून तोडून दाखवली, म्हणाले एवढी.

गाठ मारली की दोरीची ताकद कमी होते हेही सांगायला पाहिजे. दोरी तीव्र वळणावर वाकते तिथं बाहेरच्या बाजूच्या तंतूंवर जास्त ताण येतो आणि तुटायची सुरुवात तिथूनच. साध्या गाठीत दोरीची जवळजवळ निम्मी ताकद जाते, बोलाइनमध्ये साधारण साठ-सत्तर टक्के उरते. म्हणून कायमच्या कामाला मोठ्या होड्यांवर गाठ मारत नाहीत, दोराचे पीळ उलगडून परत दोरातच विणून डोळा करतात, त्याला स्प्लाइस म्हणतात. तीन पदरी दोराचा एकेक पदर मूळ दोराच्या एकेका पदराखालनं, पिळाच्या उलट्या दिशेनं, आळीपाळीनं. काथ्या किंवा सुतासारख्या दोराला निदान तीन फेऱ्या, गुळगुळीत नायलॉनला पाच तरी. सध्या मी तेच शिकतेय, काकांनी मालवणहून जाताना जुन्या दोराचा एक तुकडा दिला त्यावर.

आमच्या पेठेतल्या मंडळाच्या पोरांना आता दर मे महिन्यात गोळा करते, पाऊस सुरू व्हायच्या आधी. सगळ्या दोऱ्या बाहेर काढून हातानं चाचपायच्या, पांढरे तंतू सुटलेली प्लास्टिकची दोरी बाजूला, वाळूनं खरखरीत झालेली गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवायची. मग गाठी, त्याही पाचच: बोलाइन, दुहेरी शीट बेंड, पूर्ण वेढा आणि दोन अर्ध्या गाठी, आठाची आणि क्लीटवरची. जास्त शिकवत नाही कारण घाबरलेल्या हातांना पाचच आठवतात, तेही रोज केल्या असतील तर. प्रत्येकाला दीड मीटरचा तुकडा खिशात ठेवायला देते, टीव्ही बघताना करा म्हणते. पहिला साप वेटोळ्यातनं वर आला की पोरं ओरडतात, आणि मग मी त्यांना सांगते की हीच घडण इचलकरंजीच्या मागावर आहे आणि घाटावरच्या जाळ्यात पण आहे, जाऊन बघून या. यंदा चौघं जण खरंच तात्यांकडं गेले, त्यातल्या एकीनं जाळं विणायला घेतलंय.